गावातल्या प्रश्नांवर काम करायचंय, पण ना पक्ष ना संस्था. सुरुवात कुठून करू?

ग्रामसभेपासून करा, गावच्या मतदार यादीत नाव असलं की तुम्ही आपोआप तिचे सदस्य असता, वेगळी संस्था काढायची काहीच गरज नाही. मी आमच्याकडच्या सभांना नेहमी जातो म्हणून सांगतोय, महाराष्ट्रात वर्षाला किमान 4 ग्रामसभा घ्याव्याच लागतात, कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) 15 टक्के मतदार किंवा 100 जण यातलं जे कमी असेल ते, आणि तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते आणि पुढच्या तहकूब सभेला कोरमच लागत नाही, म्हणजे चार डोकी बसून गावाचा आराखडा मंजूर (खरी गोम इथंच आहे). त्यामुळे भाषण नंतर, आधी वाडीवस्तीतली माणसं सभेला आणा, बायकांना त्याआधी होणाऱ्या महिला सभेला पाठवा.

जाण्याआधी एवढं करा:
- ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी साइटवर गावाचा आराखडा आणि खर्च बघून ठेवा
- आकडे जुळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांत, नाहीतर परत पाठवायला निमित्त मिळतं
- तुमचा मुद्दा इतिवृत्तात (सभेच्या लेखी नोंदीत) लिहिला का ते तिथेच बघा, तोंडी आश्वासन धरू नका

फक्त हे ग्रामपंचायतीपुरतं, नगरपालिका हद्दीत असाल तर ग्रामसभा नसते, तिथे माहिती अधिकार आणि नगरसेवकाच्या मागे लागणं यावरच भागवावं लागतं.