वजन पुन्हा चढलं, आता गोळी घेऊ का?

प्रश्न : चार वर्षांपूर्वी माझं स्लीव्हचं, म्हणजे वजनासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन झालं. वजन ११२ किलोवरून ७४ वर आलं होतं, आता ८६ झालंय. घरचे म्हणतात, एवढा पैसा घालूनही जिभेवर ताबा नाही. सर्जनकडे परत जायची लाज वाटते. मेडिकलमधून एखादी गोळी आणली तर चालेल का? (गृहिणी, नाशिक)

उत्तर : ताई, आधी ती लाज सोडा. उतरलेल्या ३८ किलोंपैकी १२ परत आले; २६ किलो आजही उतरलेलेच आहेत, हे घरच्यांना मोजून दाखवा. ऑपरेशननंतर साधारण दीड-दोन वर्षांत वजन तळाला जातं आणि मग अनेकांचं थोडं वर सरकतं. गेलेलं वजन परत मिळवायला शरीरच झटतं, भूक वाढवतं. लठ्ठपणा हा चिवट आजार आहे, त्यात तुमचा गुन्हा काही नाही.

पण गोळीच्या आधी कारण शोधायचं. माझ्याकडे येणारे बहुतेक जण सांगतात, 'जेवण तर एवढंसंच आहे.' ते खरंही असतं. मग हळूहळू कळतं, येता-जाता मूठभर चिवडा, साखरेचा चार वेळा चहा, संध्याकाळी ज्यूस. मऊ आणि पातळ पदार्थ लहान पोटातूनही भराभर पुढे सरकतात, पोट भरल्याची जाणीवच होत नाही. शिवाय थायरॉइड तपासा. स्टिरॉइड, इन्सुलिन किंवा मानसोपचाराची काही औषधं चालू असतील तर सांगा. पोटाची पिशवी सैल झाली आहे का, हे सर्जन एंडोस्कोपी करून पाहू शकतील.

एवढं करूनही औषध लागलं, तर ती हार समजू नका. ऑपरेशनचा पुरेसा फायदा न झालेल्या ७० जणांवर लंडनमध्ये लिराग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली आले. २४ आठवड्यांत औषधवाल्यांचं वजन जवळपास ९ टक्के उतरलं, बिनऔषधाच्या इंजेक्शनवाल्यांचं अर्धा टक्का. मात्र औषध बंद केलं की वजन पुन्हा चढू लागतं, तेव्हा दोन महिन्यांचा कोर्स असं धरून चालू नका. आणि मनाने गोळी तर नकोच. सेमाग्लुटाइड या तशाच औषधाची गोळी जठरातच शोषली जाते, तुमच्या जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढलेला आहे.

प्रश्न : माझा वजनासाठीचा, म्हणजे जठराचा बायपास झालाय. ऑर्लिस्टॅट घेतली तर चालेल? थायरॉइडची गोळीही चालू आहे. (शिक्षक, सांगली)

उत्तर : मी तुम्हाला देणार नाही. ही गोळी आहारातली सुमारे ३० टक्के चरबी शोषू देत नाही, ती शौचावाटे तेलकट बाहेर पडते. बायपासने शोषण आधीच घटलेलं असतं. त्यात अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं आणखी निसटतात, मूतखड्याचा धोका वाढतो. कुणी आधीच सुरू करून दिली असेल तर जीवनसत्त्वाची गोळी किमान दोन तास आणि थायरॉइडची गोळी चार तास लांब ठेवा, आणि त्या डॉक्टरांना बायपासचं पुन्हा सांगा.

प्रश्न : ऑनलाइन मिळणारी 'आयुर्वेदिक' स्लिमिंग कॅप्सूल तरी निर्धोक असेल ना? (वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. अशा कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे भारतात त्यावर २०११ सालीच बंदी आली.

प्रश्न : स्लीव्हनंतर वजन थांबलं म्हणून मैत्रिणीचं वजन उतरवायचं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन घेतलं. आठ दिवस उलट्या होतायत, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. बाळाचाही विचार आहे. (नोकरदार महिला, पुणे)

उत्तर : बाळाचं नंतर बोलू. पुढचं इंजेक्शन घेऊ नका आणि हे वाचताच रुग्णालयात जा, उद्यावर ढकलू नका. शरीरातला थायमिनचा, म्हणजे बी-१ चा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. खाणं कमी, त्यात उलट्या, की तो संपतो आणि मेंदू व नसांना कायमची इजा होऊ शकते. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला : 'माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, आठ दिवस उलट्या आहेत, ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन द्या.' बोलताना जीभ अडखळली तर? म्हणून सोबत कुणाला तरी न्या, आणि हे वाक्य कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.