गाड्या दडवायच्या कुठे?

प्रश्न : माझ्या 3.6 × 1.2 मीटरच्या टेबलावर एचओ मापाचा (खऱ्या रेल्वेच्या 1/87 आकाराच्या प्रतिकृतीचा) लंबगोल रेल्वेमार्ग आणि एक स्थानक आहे. तीच ती गाडी सारखी समोर येते. टेबलाखाली गाड्या उभ्या करण्यासाठी छुपे रूळ टाकता येतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कल्पना चांगली आहे. हॅम्बुर्गच्या मिनियाटूर वुंडरलँड या छोट्या रेल्वेच्या भव्य प्रदर्शनातही प्रेक्षकांना न दिसणाऱ्या स्थानकांत गाड्या थांबवून ठेवतात. परंतु आपल्या टेबलाखाली ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण चढाचे गणित आहे. घसरलेला डबा उचलायला हात आत जावा, यासाठी दोन पातळ्यांत निदान 16 सेंटिमीटर अंतर हवे. अडीच टक्के उताराने तेवढे खाली जाण्यास 6.4 मीटर रूळ लागतो आणि वर येण्यास पुन्हा तितकाच. आपला पूर्ण फेराच मुळी साडेआठ मीटरच्या आसपास आहे. 45 सेंटिमीटर त्रिज्येचा चक्राकार चढ बांधला, तर एका वेढ्यात सुमारे 7 सेंटिमीटर उंची मिळते, मात्र तो टेबलाचा जवळजवळ एक चौरस मीटर गिळतो, शिवाय वळणावर इंजिनाला ओढ अधिक पडते ती वेगळीच.

त्यापेक्षा ब्रिटिश छंदिष्टांची रीत पाहावी. मागच्या कडेची सुमारे 30 सेंटिमीटरची पट्टी रंगवलेल्या पडद्याआड घ्यावी आणि त्याच पातळीवर चार समांतर रूळ टाकावेत. दोन रुळांच्या मध्यांत 5 ते 6 सेंटिमीटर अंतर ठेवल्यास बोटे सहज आत जातात. दोन्ही टोकांच्या सांध्यांना (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडांना) लागणारी लांबी वजा जाता, इंजिन आणि चार डब्यांची, म्हणजे साधारण सव्वा मीटरची, गाडी तेथे मावते. (सांध्यांचा खर्च टाळायचा असल्यास ब्रिटनमध्ये सर्व रूळ एकत्र आडवे सरकवणारी फळीही वापरतात, पण ती अचूक जुळवणे हे कसबी सुताराचे काम आहे.)

प्रत्येक रुळाचा वीजपुरवठा स्वतंत्र बटणाने तोडता यायला हवा, नाहीतर उभ्या गाड्याही एकदम धावू लागतील. गाडी नेमकी कुठे थांबली हे पुढून दिसणार नाही, म्हणून प्रत्येक रुळाच्या शेवटी सेन्सर बसवून त्याचा दिवा पुढच्या फलकावर आणावा. सांधे पडद्याआडच असल्याने ते कायमचे पक्के करण्यापूर्वी आपली सर्वांत लांब गाडी पुढे-मागे दोन्ही दिशांनी त्यांवरून चालवून पाहावी. पडदा खिळ्यांनी ठोकू नये. खाचेत बसवून उचलता येईल असाच ठेवावा.