बूस्ट वाढवण्याआधी वेळेची स्लिप वाचा

प्रश्न: माझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, दोन लिटर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअरची आहे. माझ्यासकट वजन १३०० किलो, बूस्ट (टर्बो इंजिनात भरतो त्या हवेचा जादा दाब) १.२ बार. ड्रॅग शर्यतीच्या स्लिपवर क्वार्टर माइलला, म्हणजे सुमारे ४०२ मीटरला, १४.१ सेकंद लागतात. शेवटचा वेग ताशी १६९ किमी, पहिल्या ६० फुटांची वेळ २.४५ सेकंद. बूस्ट १.५ बार केला तर १३ च्या आत येईन का?

उत्तर: नाही. उलट सुटताना चाकं आणखी जास्त फिरतील.

इंजिनात किती दम आहे हे एकूण वेळेपेक्षा शेवटच्या वेगावरून कळतं. ढोबळ हिशेब असा: ताशी किलोमीटरमधल्या वेगाला २८९ ने भागा, येईल त्याचा घन करा आणि किलोतल्या वजनाने गुणा. तुमच्या आकड्यांवर साधारण २६० अश्वशक्ती येते. एवढ्या ताकदीची, एवढ्या वजनाची गाडी पकड मिळाली तर १३ सेकंदांच्या आसपास जाते. तुमचा जो सेकंदभर वाया जातोय, तो बहुतेक सगळा सुरुवातीलाच जातोय. ६० फुटांत ०.१ सेकंद वाचला की शेवटी ०.१५ ते ०.२ वाचतो. २.४५ चे २.० झाले तर आहे त्याच इंजिनावर १३.२ ते १३.४ दिसायला हवेत.

आधी टायर बघा. पुढे ड्रॅग रेडियल (ड्रॅगसाठीचे मऊ, जास्त पकडीचे टायर) लावा, हवा २० पीएसआयपासून सुरू करा आणि दर फेरीला फक्त १ पीएसआय बदला. ६० फुटांची वेळ सुधारायची थांबली की तिथेच राहा. रबर मधोमध जास्त घासत असेल तर हवा जास्त आहे, कडांना घासत असेल तर कमी. मागच्या टायरमध्ये मात्र हवा भरपूर ठेवा, टायरवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत. नेहमीच्या रस्त्याच्या टायरवर धावणार असाल तर स्टार्टआधी टायर ओले करायला ठेवलेल्या पाण्याच्या डबक्यातून गाडी नेऊ नका, वळसा घाला. खाचांमध्ये अडकलेलं पाणी तुमच्यासोबत थेट स्टार्ट लाइनपर्यंत येतं. चाकं क्षणभर फिरवून पुसून घेतली की पुरे. धुराचे लोट प्रेक्षकांसाठी असतात.

सुटताना वजन मागे जातं आणि पुढची चाकं हलकी होतात, ही पुढच्या ड्राइव्हची मूळ अडचण. म्हणून मागची स्प्रिंग कडक हवी. मागे मऊ सस्पेन्शन ठेवण्याचा सल्ला मागच्या ड्राइव्हच्या गाड्यांचा आहे, तो इथे उचलू नका. स्टेपनी आणि डिकीतलं सामान काढा, टाकीत इंधन जेमतेम ठेवा. चाकं उड्या मारत असतील तर इंजिन माउंटचे रबर तपासा. ॲक्सल तुटतात ते बहुतेक या उड्यांनी. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक फुकट फिरू न देता दोन्ही चाकांना ताकद देणारा गिअर) नसेल तर पुढचा खर्च तोच करा.

ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) गिअरनुसार बूस्टची सोय असेल तर पहिल्यात ०.६, दुसऱ्यात ०.९ आणि तिसऱ्यापासून पूर्ण असं ठेवून बघा. यापेक्षा खाली जायचं तर वेस्टगेटची (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची) स्प्रिंगच नरम लागेल, कारण बूस्ट कंट्रोलर स्प्रिंगच्या दाबाखाली बूस्ट उतरवू शकत नाही. लाँचला ३५०० आरपीएम पुरेत, आणि टू-स्टेपवर (सुटण्याआधी आरपीएम धरून ठेवणारी सोय) दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. उशिरा पेटणारं मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि टर्बो तापवत असतं.

प्रश्न: बूस्ट १.५ बार केल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ५५०० च्या पुढे गाडी अडखळते. वाइडबँड मीटरवर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण दाखवणारा) हवा-इंधनाचं मिश्रण, म्हणजे इंधनाच्या एका भागाला हवेचे भाग, ११.५ वरून १३ वर जातं. इंजेक्टर मिनिटाला ४४० सीसी देणारे, पंप मूळचाच. इंजेक्टर बदलू का?

उत्तर: आधी बूस्ट परत खाली आणा. पूर्ण बूस्टवर १३ चं मिश्रण खरं असेल तर नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) होऊन पिस्टनच्या रिंगमधली धार तुटायला एक फेरी पुरते.

पण ते खरं आहे का, हे तपासावं लागेल. ठिणगी चुकली की न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो आणि सेन्सर तो पाहून मिश्रण पातळ असल्याचं सांगतो, इंधन पुरेसं असलं तरी. म्हणून इंधनाचा दाब लॉग करा. बूस्टप्रमाणे दाब वाढवणारा रेग्युलेटर असेल आणि मूळ दाब ३ बार असेल, तर १.५ बार बूस्टवर रेलमध्ये (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीत) ४.५ बार दिसायला हवा. खाली घसरत असेल तर पंप, फिल्टर किंवा पंपाची वायर. पंपाच्या टोकाशीच व्होल्टेज मोजा, १३.५ ऐवजी १२ पोचत असतील तर पंप बदलण्याआधी जाड वायर आणि वेगळा रिले द्या. दाब ठीक असूनही मिश्रण १३ दाखवत असेल तर प्लगची गॅप ०.६५ मिमी करा आणि एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग घाला.

इंजेक्टरचा हिशेब वेगळा. टर्बो पेट्रोल इंजिनाला दर अश्वशक्तीमागे मिनिटाला सुमारे ६ सीसी इंधन लागतं. ४४० चे चार इंजेक्टर ८५ टक्के ड्यूटीवर (इतका वेळ उघडे राहून) १५०० सीसीच्या जवळ देतात, म्हणजे २५० अश्वशक्ती. तुम्ही आधीच त्या टोकाला आहात. ३०० चं लक्ष्य असेल तर ५५० सीसीचे घ्या आणि ट्यूनिंग नव्याने करा. नुसते बसवून गाडी चालवू नका.

प्रश्न: नवीन बॉल बेअरिंग टर्बो बसवल्यापासून आयडलला निळा धूर येतो. सील गेलं का?

उत्तर: नव्या टर्बोत सील क्वचितच गेलेलं असतं. टर्बोमधून तेल खाली उतरणारी नळी बघा: किमान १६ मिमी आतला व्यास, उतार सतत, मध्ये कुठेही वळसा किंवा चेपलेली जागा नको, आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) ती तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. बॉल बेअरिंगला येणाऱ्या नळीत सुमारे १ मिमी छिद्राचा रिस्ट्रिक्टर (तेलाचा प्रवाह कमी करणारा तुकडा) लागतो. तो राहिला असेल तर तेल जास्त होऊन सीलमधून बाहेर येतं. जर्नल बेअरिंगच्या टर्बोत मात्र हा रिस्ट्रिक्टर घालू नका. हे सगळं ठीक असेल तर क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या पोकळीतला) दाब तपासा. तो दाब बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबला असेल तरी तेल खाली उतरत नाही.

प्रश्न: पहिली फेरी सर्वांत चांगली होते, तिसरीपर्यंत ०.३ सेकंद वाढतात. का?

उत्तर: इंटरकूलर, म्हणजे टर्बोची गरम हवा गार करणारा रेडिएटर, तापलाय. फेऱ्यांच्या मध्ये बॉनेट उघडं ठेवा, रांगेत इंजिन बंद करून गाडी ढकला, इंटरकूलरवर बर्फाची पिशवी ठेवा. लाइनवर जाण्याआधी ती काढा आणि पाणी पुसा. ट्रॅकवर थेंब सांडले तर तुम्हाला परत पाठवतील. अनेक ट्रॅकवर कूलंटमध्ये ग्लायकॉल चालत नाही, तेही आधी विचारून घ्या.

प्रश्न: माझा रिॲक्शन टाइम (हिरवा दिवा लागल्यापासून गाडी सुटेपर्यंतची वेळ) ०.८ आहे. तो एकूण वेळेत धरला जातो का?

उत्तर: नाही. घड्याळ हिरव्या दिव्याने सुरू होत नाही, पुढचं चाक स्टार्ट लाइनवरच्या स्टेजच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडलं की सुरू होतं. स्टेजचा दिवा लागताक्षणी थांबलात तर चाकाला किरण सोडण्याआधी थोडी धाव मिळते, म्हणून वेळ चांगली दिसते आणि रिॲक्शन वाईट. थोडं पुढे सरकून थांबलात तर उलट. नुसत्या वेळेसाठी धावत असाल तर पहिला मार्ग घ्या. शेजारी प्रतिस्पर्धी असेल तर जो आधी पोचेल तो जिंकतो, आणि तिथे तुमचे ०.८ महागात पडतील.