रोज रातकिडेच? शॅमेलिऑनच्या खाण्यात बदल कसा करायचा

या वेळचे बहुतेक प्रश्न व्हेल्ड शॅमेलिऑन या पाळल्या जाणाऱ्या परदेशी सरड्याच्या खाण्याबद्दल आले आहेत. उत्तरं त्याच जातीला धरून दिली आहेत.

प्रश्न : आमचा नर दीड वर्षाचा आहे. लहानपणापासून रातकिडे आणि मीलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या) खातो. पंधरा दिवस झाले, रातकिड्याकडे नुसतं बघतो आणि तोंड फिरवतो. मीलवर्म मात्र लगेच उचलतो. कंटाळला असेल का?
(राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : एकाच किड्याला शॅमेलिऑन विटतो, हे खरं आहे. पण आधी बाकीचं तपासा. दीड वर्षाचा नर म्हणजे पूर्ण वाढलेला प्राणी. त्याला एक दिवसाआड चार ते सहा किडे पुरतात. रोज ताट भरून मिळालं की तो निवडून खायला लागतो, आणि आपल्याला वाटतं भूक मेली. दुसरं तपमान. दिव्याखालची फांदी २९ ते ३० अंशांवर असायला हवी. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर ऊन दिसत नाही, त्यात वीज गेली की दिवाही बंद. अंग गार असेल तर अन्न पचत नाही, म्हणून तो खाणं टाळतो.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा त्याचं वजन करा आणि लिहून ठेवा. वजन टिकून असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. दहा टक्क्यांच्या वर उतरलं, दिवसा डोळे मिटून बसला, किंवा जीभ सुटते पण किडा हाती लागत नाही असं दिसलं, तर तो प्रश्न आवडीनिवडीचा नाही, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे न्या.

सगळं ठीक असेल तर मीलवर्म पूर्ण बंद करा. मीलवर्म म्हणजे त्याचं भडंग आहे : आवडीनं खाईल, पण त्यावर पोसायचं नाही. कवच जाड, फॉस्फरस जास्त, कॅल्शियम नावाला. तीन दिवस काहीच देऊ नका, पाणी मात्र नेहमीसारखं फवारा. चौथ्या दिवशी सकाळी, दिवा लागून तासभर झाल्यावर, त्यानं कधी न पाहिलेला किडा समोर आणा. डुबिया झुरळाचं पिल्लू, रेशीमअळी किंवा ब्लॅक सोल्जर माशी, काहीही चालेल. शॅमेलिऑन हालचाल बघून जीभ टाकतो. डुबिया खाली सोडलं की कोपऱ्यात दडी मारून बसतं आणि मग ‘हा खातच नाही’ अशी तक्रार येते. ते गुळगुळीत काठाच्या उभ्या डब्यात टाकून डबा फांदीच्या उंचीवर बांधा, किंवा जाळीवर त्याच्या नजरेच्या टप्प्यात सोडा. किडा त्याच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा नको. न खाल्लेले रातकिडे संध्याकाळी वेचून काढा. रात्री ते झोपलेल्या प्राण्याला चावतात.

प्रश्न : रेशीमअळ्या चांगल्या असं सगळे सांगतात, पण इथे मिळतात का? आणल्या तर ठेवायच्या कशा?
(हातकणंगले)

उत्तर : मिळतात. जिल्ह्यात तुती लावून रेशीम घेणारे शेतकरी आहेत. जिल्हा रेशीम कार्यालयात विचारलंत तर जवळचा शेतकरी सापडेल. शिवाय तुतीवर कीटकनाशक मारलं तर शेतकऱ्याच्याच अळ्या मरतात, म्हणून पाला सहसा स्वच्छ असतो. अडचण वेगळी आहे. रोग येऊ नये म्हणून अळ्यांवर निर्जंतुक पावडर किंवा चुना धुरळतात. म्हणून आणल्यावर दोन दिवस घरी ताज्या पाल्यावर ठेवा, मगच द्यायला काढा.

दुसरी कात टाकून झालेल्या अळ्या घ्या, आणि एका प्राण्याला तीस-चाळीसच. स्वस्त आहेत म्हणून दोनशे आणाल तर सगळ्या एकदम वाढतील आणि दोन आठवड्यांत त्याच्या तोंडात मावणार नाहीत. २५ ते २७ अंशांना तिसरी अवस्था (म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या कातीमधला काळ) तीन-चार दिवस, चौथी चार-पाच दिवस आणि पाचवी साधारण आठवडाभर चालते. मोठ्या नराला चौथ्या अवस्थेतल्या आणि पाचवीच्या सुरुवातीच्या अळ्या द्या. अंग मऊ असल्यामुळे थोडी जाड अळीही तो सहज गिळतो.

पसरट डब्यात खाली कागद, वर पाला, झाकणाला जाळी. पाला दिवसातून तीनदा बदला आणि धुतला असेल तर फडक्यानं पूर्ण कोरडा करून घाला. ओल्या पाल्यावर अळ्यांना रोग लागतो, त्या काळ्या पडून पातळ होतात आणि एका रात्रीत डबा वास मारतो. अळ्या डोकं वर करून दगडासारख्या स्तब्ध बसल्या तर मेल्या समजून फेकू नका, कातेत गेल्या आहेत. साधारण दिवसभर त्यांना हलवू नका, पालाही घालू नका.

प्रश्न : रातकिड्यांना आम्ही बेसन आणि कोबी घालतो, वर कॅल्शियमची पावडरही लावतो. एवढं पुरे ना?
(शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : नाही. किड्यांच्या पाच जाती फिरवल्या आणि पाचही जातींना कोबीच घातला, तर बदल फक्त दिसण्यात झाला. किड्याच्या पोटात जे असतं तेही शॅमेलिऑनच खातो. कोबीत बहुतेक पाणी असतं. बेसनात प्रथिनं भरपूर. डुबिया झुरळं जास्तीच्या प्रथिनांचं युरिक ॲसिड अंगात साठवतात, आणि सतत अशी झुरळं खाणाऱ्या प्राण्याला गाऊट (युरिक ॲसिड साठून होणारा आजार) होऊ शकतो. त्यामुळे कुत्र्याचं किंवा माशाचं खाद्यही नको.

खायला देण्याआधी २४ ते ४८ तास किड्यांना शेवग्याचा पाला, लसूणघास, मेथी, गाजराचा किंवा लाल भोपळ्याचा कीस घाला. लसूणघास गवळ्याकडे मूठभर सहज मिळेल. पालक आणि राजगिरा टाळा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. पाण्याची वाटी ठेवू नका, रातकिडे बुडतात आणि पावसाळ्यात डबा दमट होऊन पटापट मरतात. गाजराच्या फोडीवर त्यांची तहान भागते.

पावडरीबद्दल : रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो, म्हणून फॉस्फरस आणि डी३ जीवनसत्त्व नसलेलं साधं कॅल्शियम जवळपास प्रत्येक जेवणाला लावा. किडे बरणीत घालून चिमूटभर पावडर टाका, हलवा आणि लगेच द्या, कारण थोड्या वेळात ते अंग साफ करतात. डी३ आणि तयार ‘अ’ जीवनसत्त्व असलेली पावडर महिन्यातून दोनदाच. गाजरातल्या कॅरोटीनवर भिस्त ठेवू नका, शॅमेलिऑनला त्याचं ‘अ’ जीवनसत्त्व नीट करता येतं याची खात्री नाही. माणसांच्या डी३ असलेल्या गोळ्या कुटून लावणारे आहेत. त्यात मात्रा सांभाळणं अशक्य आहे. आणि यूव्हीबी (अतिनील किरणं देणारा) दिवा नसेल तर या सगळ्यावर पाणी : काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी राहत नाही, म्हणून खिडकीतलं ऊन धरू नका. मुडदूस झालेल्या शॅमेलिऑनचा जबडा रबरासारखा दबतो आणि पुढचे पाय कोपरात वाकतात.

प्रश्न : आमच्या उसाच्या बांधावर नाकतोडे ढिगानं आहेत. ते पकडून दिले तर?
(शिरोळ)

उत्तर : खाद्य म्हणून नाकतोडा उत्तम, पण उसाच्या बांधावरचा नाही. फवारणी तुमच्या शेतात नसली तरी शेजारच्या शेतात होते आणि नाकतोडा उडत येतो. शिवाय रानातल्या किड्यांतून जंत येतात. घरातलं झुरळही नको, त्यानं झुरळं मारायचं कुठलं जेल चाटलंय कोणास ठाऊक.

तीन किडे तर कधीच नकोत. रुईवरचा पिवळा-निळा नाकतोडा : रुईच्या चिकातलं हृदयावर परिणाम करणारं विष तो अंगात साठवतो. काळ्या पंखांवर केशरी पट्टे असलेले हिंगे : त्यांच्या अंगातल्या द्रवानं आतडी भाजतात. आणि काजवे. मे-जूनमध्ये राधानगरीला जाऊन मुलं बाटलीत काजवे भरून आणतात. अमेरिकेतल्या काजव्यांमधलं विष इतकं तीव्र आहे की एका काजव्यानं बिअर्डेड ड्रॅगन (एक पाळीव सरडा) मेल्याची नोंद आहे. आपल्याकडच्या काजव्यांवर प्रयोग करायला तुमचा प्राणी कशाला?

नाकतोडेच हवे असतील तर घरी पैदास केलेले घ्या. बांधावरचं काही न्यायचंच असेल तर फवारणी न झालेल्या कुंपणावरची जास्वंदाची पानं न्या. व्हेल्ड शॅमेलिऑन अधूनमधून पानं खातो. धुऊन फांदीला टांगा.

प्रश्न : बागेत घोयरा (आपल्याकडचा शॅमेलिऑन) सापडला. त्यालाही हेच खाणं देऊन पाळता येईल का?
(पन्हाळा)

उत्तर : नाही. तो १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे, पाळणं गुन्हा ठरतो. जिथं दिसला त्याच झाडावर सोडा. परदेशी शॅमेलिऑन पाळणाऱ्यांनीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी झाली आहे ना, हे बघून घ्यावं.