सारख्या उच्चाराचे इंग्रजी शब्द आणि त्यांचे कालबाह्य अर्थ शिकण्यात वेळ का घालवावा?

'स्टेशनरी'च्या दोन स्पेलिंगांतील गल्लत कशी टाळावी आणि वापरातून गेलेले शब्द शिकावेत का, असे आपण विचारले आहे. कागद-पेनांची स्टेशनरी 'ई'ने आणि जागेवर थांबलेली 'ए'ने लिहितात. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर बोलायचे आहे.

फोंड्यातील आमचे दुकान भाड्याने द्यायचे ठरले, तेव्हा वकिलांकडून आलेला इंग्रजी मसुदा वाचण्याचा मान मेहुण्यांना मिळाला, कारण ते पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेले आणि मी मराठी शाळेतला. 'डिमाइज्ड प्रिमायसेस' हे शब्द दिसताच, चांगल्या कामात मरण कोणी लिहिले, म्हणून त्यांनी ते लाल शाईने खोडले. भाडेकरूने 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जागेचा उपभोग घ्यावा, हे कलमही त्यांनी उडवले. 'लेट' म्हणजे परवानगी, तेव्हा हा मनुष्य परवानगीशिवाय ठाण मांडणार, असा त्यांचा तर्क. मी हरकत घेतली, तर "मराठी शाळेत हे शिकवतात वाटतं?" असे सर्वांदेखत ऐकवले.

वास्तविक जुन्या इंग्रजीत मोकळीक देणे आणि अडवणे यांसाठी दोन निराळी क्रियापदे होती. पुढे त्यांचे रूप एक झाले आणि 'लेट'ला परस्परविरोधी अर्थ आले. 'टू लेट'च्या पाटीत पहिले क्रियापद आहे, कलमात दुसरे. 'डिमाइज' म्हणजे मुळात मालमत्तेचा हक्क भाडेपट्ट्याने किंवा मृत्युपत्राने दुसऱ्याकडे देणे. राजा वारला की राजपद वारसाकडे जाते, त्यावरून मृत्यूचा अर्थ आला. भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, तिच्यातही हेच 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' आहे. मी मेहुण्यांचाच पासपोर्ट त्यांच्यापुढे उघडून धरला, तर त्यांना नेमका चष्मा सापडेना. वकिलांनी दोन्ही ठिकाणचे शब्द पूर्ववत केले.

तेव्हा दस्तऐवजांत येणारे जुने शब्द अवश्य शिकावेत. गोव्यात तर 'मॉइटी' टाळताच येत नाही, कारण लग्नानंतरच्या सामाईक मालमत्तेतील पती-पत्नीचा निम्मा वाटा इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांतील वाटणीच्या कारवाईच्या, कागदांत याच नावाने येतो. अर्थात लग्नापूर्वी वेगळा करार केला असेल तर गोष्ट निराळी. मेहुणे या शब्दाला आजही 'मेजॉरिटी'ची छपाईतील चूक समजतात, आणि मी ती समजूत दूर करणार नाही.