लिव्हिंग्स्टनची १८५७ ची आवृत्ती: घ्यावी, पण कशी?

तुम्ही लिहिलंय की लंडनच्या एका विक्रेत्याकडे आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या 'मिशनरी ट्रॅव्हल्स'ची १८५७ सालची पहिली आवृत्ती आहे, वर्णनात 'अतिदुर्मिळ' म्हटलंय, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या मिशनऱ्यांच्या पुस्तकांचा संग्रह तिथूनच सुरू करावा असं तुमच्या मनात आहे. जरूर करा. फक्त 'अतिदुर्मिळ' या शब्दाचे पैसे मोजू नका.

जॉन मरे या प्रकाशकाने एक गिनी (एकवीस शिलिंग) किमतीला हे पुस्तक काढलं, तेव्हा बारा हजार प्रती बाजारात यायच्या आधीच खपलेल्या होत्या. त्याच मरेने दोन वर्षांनी डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' काढलं, त्याच्या पहिल्या प्रती फक्त १,२५०. 'पहिली आवृत्ती' हे शब्द दोन्हीकडे तेच, पण लिव्हिंग्स्टन हातचा गेला तरी काही महिन्यांत दुसरा दिसतो. दिसत नाही ती धड, पूर्ण प्रत.

म्हणून विक्रेत्याला पुठ्ठ्याचे देखणे फोटो नकोत म्हणून कळवा. व्हिक्टोरिया धबधब्याचं घडीचं मुखचित्र, म्हणजे पुस्तकाच्या सुरुवातीचं चित्र, पाहायचं: काही प्रतींत ते हलक्या रंगछटेचं शिळाछाप (लिथोग्राफ) आहे, काहींत लाकडी ठशाचं. संग्राहक शिळाछापवाली प्रत पसंत करतात आणि किमतीत ते उतरतं. मग जॉन ॲरोस्मिथचे दोन नकाशे. त्यातला एक मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात असतो, आणि खिशातली वस्तू दीडशे वर्षांत कुठे जाते हे वेगळं सांगायला नको. नकाशा आहे का, घड्यांवर फाटलाय का, मागून कापड लावलंय का, हे विचारा. कण्याचं कापड नवं असेल तर तेही त्याने सांगितलं पाहिजे. कागदावरच्या तपकिरी ठिपक्यांना घाबरू नका, त्या काळच्या कागदाला ते येतातच.

प्रत ताडून पाहायला इंटरनेटवरची स्कॅन वापराल, तर एक खोच लक्षात ठेवा. स्कॅन करणारे पुष्कळदा घडीचा नकाशा उघडतच नाहीत. स्कॅनमध्ये नकाशा दिसला नाही म्हणजे मूळ पुस्तकात नव्हता, असं धरून चालू नका.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. जोहान्सबर्गला असताना मी रॉबर्ट मॉफटचं १८४२ चं 'मिशनरी लेबर्स अँड सीन्स' घेतलं. मॉफट म्हणजे लिव्हिंग्स्टनचे सासरे. बांधणी सुरेख, किंमत माफक, मी खूश. घरी येऊन पाहते तर मुखचित्रच नाही! जॉर्ज बॅक्स्टरने छापलेलं ते रंगीत चित्र. बॅक्स्टरच्या चित्रांचे संग्राहक वेगळे असतात, पुस्तकातून चित्र कापून चौकटीत लावणारे. माझ्या प्रतीत कापल्याची बारीक कड तेवढी उरली होती. विक्रेत्याने 'पूर्ण' असं कुठेच लिहिलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं.

दुर्मिळ म्हणावं असं छापकाम लंडनचं नाही, मिशनच्या ठाण्यांवरचं. मॉफटनी १८३१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या कुरुमानच्या ठाण्यावर छापखाना नेला आणि त्स्वाना भाषेतली वाचनपुस्तकं, प्रश्नोत्तरं तिथेच छापली. १८५७ मध्ये तिथे त्स्वाना बायबल पूर्ण झालं, म्हणजे जावयाचं पुस्तक लंडनमध्ये गाजत होतं त्याच वर्षी. ती पुस्तकं शाळेत हाताळली गेली, झिजली, संपली. आपल्या लहानपणीची अंकलिपी किती घरांत शिल्लक आहे? तसंच. असं एखादं चोपडं समोर आलं तर पानं कमी असली तरी विचार करा. तिथे मी पूर्णतेचा आग्रह सोडते.

संदर्भाला सिडनी मेंडेलसोनची १९१० ची दोन खंडांची ग्रंथसूची अजून उपयोगी पडते. केपटाऊनच्या स्ट्रुइक प्रकाशनाने काढलेली प्रतिमुद्रणंही वाईट नाहीत. आधी ती वाचा, मग मूळ प्रतीवर खर्च करा. न वाचता जमवणारे बरेच पाहिलेत.

माझं स्वतःचं मन मात्र १८७४ च्या 'लास्ट जर्नल्स'वर, म्हणजे लिव्हिंग्स्टनच्या मध्य आफ्रिकेतल्या शेवटच्या मोहिमेच्या रोजनिशीवर आहे. भूगोलाचे काटेकोर लोक त्याला दक्षिण आफ्रिका म्हणणार नाहीत, म्हणोत बापडे. लिव्हिंग्स्टन १८६४ मध्ये आपली 'लेडी न्यासा' बोट हाकत मुंबईला आला, बोट विकली आणि आलेले पैसे इथल्या बँकेबरोबर बुडाले. आफ्रिकेतून सोबत आणलेल्या चुमा नावाच्या मुलाला त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. १८६६ च्या शेवटच्या मोहिमेत नाशिकच्या शरणपूरमधले नऊ आफ्रिकन तरुण होते, गुलामांच्या जहाजांवरून सुटलेले आणि मिशनमध्ये वाढलेले. शरणपूरलाच शिकलेला जेकब वेनराइट १८७२ मध्ये मागून जाऊन मिळाला. आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्यानेच वाचली, आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीच्या मानकऱ्यांतही तो होता. मी शरणपूर रोडवरून रोज जाते, म्हणून असेल, पण ते दोन खंड हातात घेतले की वेगळंच वाटतं. ते वाचताना एक ध्यानात ठेवा, संपादक होरेस वॉलरने मूळ वह्यांतलं पुष्कळ गाळलंय.

आता तुमची प्रत. पैसे पाठवू नका. एक मुखचित्राचा आणि एक खिशातला नकाशा पूर्ण उलगडून काढलेला, असे दोन फोटो मागवा आणि इथे टाका. शिळाछाप की लाकडी ठसा, ते बघून सांगते.