स्कॉटलंडमधील शाळेसाठी केइलीचा कार्यक्रम कसा आयोजित करावा?

तुम्ही विचारले आहे की, मुलीच्या शाळेच्या पालक समितीने निधी उभारण्यासाठी केइली, म्हणजे सर्वांनी मिळून नाचण्याचा स्कॉटिश मेळावा, ठेवण्याचे काम तुमच्यावर सोपवले आहे, तुम्ही स्वतः हा नाच कधी केलेला नाही, आणि सुमारे शंभर-सव्वाशे लोक येतील, तर कार्यक्रम चांगला व्हावा म्हणून काय करावे. (मूळ शब्दाचा उच्चार 'केली'च्या जवळचा आहे, आपल्या क्रियापदाशी घोटाळा होऊ नये म्हणून मी 'केइली' असे लिहीत आहे.) गेली काही वर्षे मी एडिंबरोजवळच्या एका गावात पालक म्हणून असे कार्यक्रम आयोजित करत आलो आहे. त्या अनुभवातून माझे ठाम मत झाले आहे की, ज्याने आयुष्यात एकही पाऊल टाकलेले नाही असा माणूस पहिल्या अर्ध्या तासात नाचायला उठला की नाही, यावरच केइलीचे यश ठरते, आणि बाकीची सगळी तयारी त्याच्यासाठी करायची असते.

त्यासाठी सर्वांत महत्त्वाचा माणूस म्हणजे नाच पुकारणारा, ज्याला इथे 'कॉलर' म्हणतात. तो प्रत्येक नाच आधी संगीताशिवाय एकदा चालवून दाखवतो, मग धून सुरू झाल्यावर पुढची हालचाल क्षणभर आधी पुकारतो, आणि लोकांना जमू लागले की गप्प राहतो. हे गप्प राहणे ज्याला साधते तोच खरा जाणकार. समजावण्यात पाच मिनिटांहून अधिक वेळ गेला तर लोक खुर्च्यांकडे परततात, म्हणून ठरवण्यापूर्वी शक्य असेल तर त्याचा एखादा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहून या. त्याच्यासाठी कानाजवळ अडकवण्याचा बिनतारी मायक्रोफोन मागून घ्या. आमच्या पहिल्या कार्यक्रमात ध्वनिव्यवस्था इतकी कच्ची होती की मागच्या निम्म्या सभागृहाला सूचना ऐकूच गेल्या नाहीत. नाच अवघड नव्हता, तरी दहाच्या आत बरीच कुटुंबे घरी निघून गेली.

वादक प्रत्यक्ष असावेत, असे मी आग्रहाने सांगेन. अॅकॉर्डियन, फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि ड्रम एवढे तिघे शाळेच्या सभागृहाला पुरतात. रीळ आणि जिग या प्रकारच्या धुना बहुधा आठ-आठ बारांच्या (बार म्हणजे तालाचे एक छोटे आवर्तन) चार भागांच्या, म्हणजे ३२ बारांच्या असतात, आणि बऱ्याच नाचांची आकृतीही, म्हणजे हालचालींचा एक पूर्ण क्रम, तेवढ्यातच पूर्ण होते. चार जोडप्यांच्या एखाद्या गटात पाचवे जोडपे घुसले किंवा कोणी चुकले, तर वादक पुकारणाऱ्याच्या खुणेसरशी धून आणखी एकदा वाजवतात. ध्वनिमुद्रित संगीत मात्र कोणासाठी थांबत नाही. तारीख ठरवताना ३० नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यू दिन, डिसेंबरचे शनिवार, वर्षअखेरचे होगमनी आणि २५ जानेवारीची, कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या स्मरणार्थ होणारी बर्न्स नाइट हे दिवस टाळा, कारण चांगले वादक तेव्हासाठी कित्येक महिने आधीच ठरलेले असतात. मार्चमधला एखादा शनिवार सोयीचा पडतो.

सभागृहाची फरशी लाकडी असावी. काँक्रीटवर तीन तास उड्या मारल्या तर गुडघे दुखतात. टेबले भिंतीलगत लावा आणि मधली जागा पूर्ण मोकळी ठेवा. हीटर कार्यक्रमाआधीच बंद करा, पाण्याचे भरपूर जग ठेवा, आणि उंच टाचांचे बूट नकोत हे तिकिटावरच छापा.

आता नाचांचा क्रम. माझ्या मते खरे कसब याच ठिकाणी लागते. साडेसात ते साडेअकरा या वेळेत जेवणाची सुटी धरून दहा ते बारा नाच होतात. रिवाजाप्रमाणे आरंभ 'गे गॉर्डन्स'ने होतो. त्यात जोडप्यांनी सभागृहाभोवती फिरायचे असते आणि आकृती १६ बारांतच संपून पुन्हा सुरू होत असल्यामुळे तिसऱ्या फेरीपर्यंत ती अंगवळणी पडते. दुसरा किंवा तिसरा नाच 'डॅशिंग व्हाइट सार्जंट' ठेवा. यात तिघांची एक रांग दुसऱ्या तिघांसमोर उभी राहते; सहा जण हात धरून वर्तुळात आधी डावीकडे व मग उजवीकडे फिरतात, मधला माणूस दोन्ही बाजूंच्या सोबत्यांशी आळीपाळीने नाचतो, तिघे मिळून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट गुंफतात, आणि शेवटी एका रांगेने उंचावलेल्या हातांखालून दुसरी रांग पुढे निघून नव्या तिघांना भेटते. जोडीदार नसलेल्या पालकाला, आजीला, नव्याने गावात आलेल्या कुटुंबाला या नाचात आपोआप जागा मिळते आणि दहा मिनिटांत अर्धे सभागृह ओळखीचे होते. अनोळखी लोकांना एकत्र आणणारा याहून चांगला नाच मला माहीत नाही.

'स्ट्रिप द विलो' सर्वांचा आवडता आहे, पण त्याला जपावे लागते. चार जोडप्यांच्या दोन समोरासमोर रांगा असतात. पहिले जोडपे हातात हात अडकवून गिरकी घेते आणि मग समोरच्या रांगेतील एकेकाला व आपल्या जोडीदाराला आळीपाळीने गिरकी देत खाली उतरते. आपल्याकडचा गोफ ज्याने विणला आहे त्याला ही वीण लगेच उमगेल. मात्र गिरक्या वेगाच्या असल्यामुळे मनगट न धरता कोपरात कोपर अडकवायला पुकारणाऱ्याने शिकवलेच पाहिजे, विशेषतः लहान मुले असतील तर. ऑर्कनी बेटांच्या पद्धतीत संपूर्ण सभागृह दोनच लांब रांगांत उभे राहते. तो प्रकार शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवा. जेवणानंतर लगेच मात्र 'सेंट बर्नार्ड्स वॉल्ट्झ'सारखे काही संथ घ्या. जेवणात इथे बटाटा, कांदा आणि मांसाचे स्टोव्हीज देतात. त्याचा शाकाहारी हंडा वेगळा शिजवून घ्या आणि त्यावर तशी पाटी लावा.

एक गोष्ट बाहेरून आलेल्या पालकांच्या सहसा लक्षात येत नाही: इथल्या अनेक प्राथमिक शाळांत नाताळच्या सुमारास व्यायामाच्या तासाला हेच नाच शिकवतात, म्हणून तुमची मुलगी कदाचित तुमच्याहून जास्त जाणत असेल. मोठ्या वर्गातील मुलांना आणि पाच-सहा अनुभवी प्रौढांना आधीच विनंती करा की, त्यांनी एकाच गटात न जमता प्रत्येक गटात एकेकाने उभे राहावे. जाणकारांचा स्वतंत्र गट झाला की नवखे बाजूला पडतात.

केइली या मूळ गेलिक (स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतील) शब्दाचा अर्थ भेटीगाठी असा आहे. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात, आणि बेटांवर शेजारी हिवाळ्याच्या रात्री एकाच्या घरी जमत आणि प्रत्येक जण गाणे, गोष्ट किंवा वादन सादर करत असे. म्हणून सुटीत एखाद्या मुलाला फिडल वाजवू द्या, कोणा पालकाला गाऊ द्या; दमलेल्यांना विसावाही मिळतो.

दारू विकणार असाल तर स्थानिक परवाना मंडळाकडून प्रासंगिक परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी कित्येक आठवडे आधी अर्ज करा. शाळेचा विमा या कार्यक्रमाला लागू होतो का, हेही लेखी विचारून घ्या.

शेवट रॉबर्ट बर्न्सच्या 'ऑल्ड लँग साइन' या गाण्याने होतो. सर्वांनी मोठे वर्तुळ करून नुसते हात धरायचे असतात आणि हातांची फुली फक्त शेवटच्या कडव्याला करायची असते. पुष्कळ जण सुरुवातीपासूनच करतात, म्हणून पुकारणाऱ्याला ते सांगायला लावा. त्याआधीचा नाच शेवटचा आहे हेही त्याने स्पष्ट जाहीर करावे, म्हणजे कोट घालून दाराशी उभे असलेले लोकसुद्धा परत आत येतात.